बांधावरची शेवरी

नारळ फोडायला दगड लागतो, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी ओलांडल्यावर आणि सगळ्या वस्तीसमोर कळली.

त्या पाडव्याला आमच्या सौर सहकारी सोसायटीचं उद्घाटन होतं. माळाच्या तुकड्यावर निळ्या प्लेटा रांगांनी मांडलेल्या, प्रत्येक रांगेच्या टोकाला झेंडूची माळ, स्पीकरवर सनई. पाहुण्यांची गाडी काही येईना. तसं कुणीतरी म्हणालं, "मास्तरांच्या हातनं वाढवा नारळ. भूगोल शिकवत्यात, सूर्याचं आन त्यांचं रोजचं हाय." मी पुढं झालो. डोक्यावर रुमाल टाकला, सूर्याला हात जोडले, नारळ उचलला आणि दगड शोधायला लागलो. सकाळीच सगळी जागा झाडून सडा घातलेला; खडासुद्धा शिल्लक नव्हता. सनई संपत आली होती. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. अशा वेळी माणसाचं शिक्षण त्याला सोडून निघून जातं. समोर प्लेटांच्या सांगाड्याचा लोखंडी पाय दिसला, त्याच्यावर मी नारळ आपटला. पहिल्यांदा नुसताच आवाज झाला. दुसऱ्यांदा जोर लावला तर नारळ सटकला, उडाला आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या प्लेटेवर जाऊन फुटला. नारळही फुटला आणि प्लेटही. काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरांचं जाळं उमटलं आणि त्यातून नारळाचं पाणी सावकाश खाली ओघळायला लागलं.

पहिले बोलले ते आमचे किसनआबा. आबा माझे थोरले चुलतभाऊ, सोसायटीचे चेअरमन आणि त्या पहिल्या रांगेचे मालक.

"मास्तर," ते म्हणाले, "सूर्याला निवद दाखवायचा हुता. त्याचं डोस्कं न्हवतं फोडायचं."

मग जो हशा पिकला, तो माझ्या कानात अजून आहे. परवा पाडवा झाला, ऊन परत आलं आणि तो हशाही परत आला. दरवर्षी येतो. कुणाला चैत्रात मोगरा आठवतो, कुणाला कैरीची डाळ. मला किसनआबांचे पान खाऊन लाल झालेले दात आठवतात.

तसं बघायला गेलं तर आमच्याकडचा उन्हाळा आठवणीत ठेवण्यासारखाच असतो. कारखान्याचं गाळप संपतं, धुराडं गप्प होतं, मळीचा आंबूस वास हळूहळू विरत जातो आणि त्याच्या जागी पाचट जळाल्याचा वास येऊन बसतो. ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या घुंगरं वाजवत परतीला लागतात. बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुपारी डांबर मऊ होतं आणि सायकलची चाकं त्याला चिकटून चर्र-चर्र आवाज करतात. आमची वस्ती त्या रस्त्यापासून आत, कालव्याच्या अंगाला. मी वालचंदनगरच्या अलीकडच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात शिकवतो. शेती बघते ती सुमन, म्हणजे आमची सौ. 'आमची शेती' असं मी म्हणतो, ते खिलाडूवृत्तीनं.

शेतीच्या पंपाची वीज आमच्याकडं आठवड्याआड पाळीनं येते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात उसाला पाणी द्यायचं तर माणसानं अंधारात सरीसरीतून फिरायचं, एका सरीचं तोंड मातीनं बुजवून दुसरीचं उघडायचं. ह्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. आणि अलीकडं उसात बिबट्या राहतो. तो काही पाहुणा नाही; तिथंच जन्मतो, तिथंच वाढतो, त्याचा सातबारा तेवढा व्हायचा राहिलाय. सुमन एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं आणि कमरेला मोबाईल खोचून जायची. मोबाईलवर मोठ्या आवाजात कीर्तन लावलेलं, माणूस आहे असं त्या जनावराला कळावं म्हणून. मी जात नसे. मला सकाळची शाळा असे. बिबट्याला शाळा नसते.

म्हणून सोसायटी. ही कल्पना आबांचीच होती, हे दात-ओठ खाऊन का होईना पण मान्य करायला हवं. आमच्या भागात सहकाराला काही नवीन नाही. ऊस सहकारी, दूध सहकारी. तेव्हा ऊनही सहकारी करू, असं आबा म्हणाले आणि तालुक्याला खेटे घालून त्यांनी अनुदान मंजूर करून आणलं. वस्तीतल्या लोकांनी थोडं थोडं भागभांडवल घातलं, आबांनी आपला पडीक तुकडा दिला. रचना साधी होती: दोन-दोन पंपांमागं प्लेटांची एक रांग, आणि सगळ्या रांगांचा हिशेब एकत्र. दिवसा ऊन, दिवसा वीज, दिवसा पाणी. अनुदान टप्प्याटप्प्यानं येणार होतं. पहिल्या टप्प्यात सगळ्यांचे पंप बसत नव्हते, कुणालातरी थांबावं लागणार होतं.

नारळाच्या दुसऱ्या दिवशी पारावर चहा चालला होता. आबांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि आभाळाकडं बघून जाहीर केलं, "मास्तरांचा पंप पुढच्या टप्प्यात."

"का?" मी विचारलं.

"आवो, तुमाला प्लेटाची भीती वाटत न्हाय, पन प्लेटास्नी तुमची वाटायला लागलीय."

पुन्हा हशा. म्हादूतात्या तर चहा सांडेपर्यंत हसले. म्हादूतात्या आमच्या शेजारचे. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, ते स्वतः आता ऊस आणि चार शेळ्या राखतात. त्यांच्या हसण्याचं मला वाईट वाटलं नाही. ते कुणाच्याही गोष्टीला हसतात. पण आबा हसत नव्हते. नुसते बघत होते, माझा चेहरा कसा उतरतो ते. घरी येऊन मी सुमनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. "म्हंजे अजून रातचंच," एवढंच म्हणाली.

त्या क्षणी मी ठरवलं की सूड घ्यायचा.

शहरात सूड कसा घेतात मला माहीत नाही. बहुधा लगेच घेत असावेत. त्यांना वेळ नसतो. आमच्याकडं तो लावतात, त्याला पाणी घालतात, वाढू देतात. आणि आमच्या भावकीत त्याचं हत्यार पिढ्यान् पिढ्या एकच आहे, सावली. आबांचे वडील, म्हणजे माझे थोरले चुलते, यांनी पूर्वेच्या बांधावर बाभळी लावल्या होत्या. स्वतःच्या बांधावर, अगदी कायद्यात. पण सकाळची सावली पडायची ती आमच्या ज्वारीवर. बांधाकडच्या चार-पाच ओळी कायम गुडघ्याएवढ्या राहायच्या आणि बाकीचं रान डोक्याच्या वर. वडील त्या खुरट्या ओळींकडं बघत उभे राहायचे आणि परत यायचे. मी लहान होतो, पण बघत होतो. मला त्या बाभळींची प्रत्येक फांदी पाठ आहे. पुढं त्या वाळून गेल्या, चुलते गेले, वडीलही गेले. पण तो सकाळचा गार, काळपट पट्टा माझ्या डोक्यातून गेला नाही.

तर आबांचा तो प्लेटांचा तुकडा आणि माझं रान यांच्यामध्ये एक बांध आहे. माझं रान दक्षिणेला, प्लेटा उत्तरेला. बांधाजवळ, मधे चिंचोळी पट्टी सोडून, पहिली रांग, आबांची. मी भूगोलाचा शिक्षक. ऊन आपल्याकडं दक्षिणेच्या बाजूनं येतं, प्लेटा म्हणूनच दक्षिणेकडं तोंड करून बसवतात, हे मी पोरांना फळ्यावर बाण काढून शिकवतो. शिवाय प्लेटा बसवणाऱ्या माणसानं उद्घाटनाच्या आधी सगळ्यांना एक गोष्ट समजावून सांगितली होती: एका रांगेतल्या प्लेटा एकमेकींच्या हातात हात घालून असतात, एकीवर सावली पडली की सगळी रांग मान टाकते. हे ऐकताना बाकीच्यांनी मान डोलावली होती. मी तेव्हा डोलावली नव्हती; नारळानंतर डोलावली.

आषाढात कोऱ्हाळ्याच्या पाहुण्यांकडून शेवरीचं बी आणलं आणि बांधावर एका ओळीत टोकलं. शेवरी म्हणजे सूड घेणाऱ्याचं झाड. बुंधा मनगटाएवढा, पण उंचीला थांबायचं माहीत नाही. पावसाळा संपेतो माणसाच्या डोक्यावरून निघून जातं. सुमननं विचारलं, "हे कशाला?"

"शेळ्यांना पाला होईल."

तिचा चेहरा उजळला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी शेळ्यांचा विचार केलेला तिनं पहिल्यांदाच बघितला. त्या दिवशी मला दोन वेळा चहा मिळाला. दुसऱ्या चहाच्या वेळी थोडं टोचलं, पण चहा चांगला होता.

शेवरी कमरेला आली तेव्हा आबा बांधावर आले. हातात छत्री, नजर ओळीवर.

"मास्तर, ही काय शेतीशाळा?"

"शेळ्यांना पाला, आबा."

"शेळ्या किती हायती?"

"दोन."

आबांनी शेवऱ्या मोजल्या नाहीत, नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली. "दोन शेळ्या," ते म्हणाले, "आन एवढं जंगाल. हत्ती आणायचा इचार हाय का?" तोडा म्हणायची त्यांना सोय नव्हती. बांध माझा, झाड माझं. आणि बाभळींचा इतिहास दोघांनाही ठाऊक होता. आबा निघताना एवढंच म्हणाले, "ठीक हाय. आमाला बी हात हायती."

आबांचे हात काय करतात ते आठ दिवसांत कळलं. प्लेटांवरची धूळ पहाटे पाण्यानं धुतात. ते पाणी आजवर ओढ्याकडं जायचं. आता आबांनी त्याला चर काढून दिला तो माझ्या पायवाटेवर. सकाळी मोटारसायकल काढून मी शाळेला निघालो की बांधाच्या वळणावर चाक घसरायचं, आणि वर्गात मी गुडघ्यापर्यंत काळ्या मातीचा लेप घेऊन शिरायचो. त्या दिवसांत मृदेचे प्रकार हा धडा मी फार मनापासून शिकवला. पण आबांना एक गोष्ट सुचली नाही. ते पाणी पायवाटेवर थांबत नव्हतं, पुढं जाऊन शेवरीच्या मुळाशी मुरत होतं. आबा रोज पहाटे माझ्या सुडाला पाणी घालत होते. शेवरी अशी उसळली की बघायला नको.

मग मार्गशीर्ष आला. सूर्य दक्षिणेकडं झुकला, सावल्या लांबल्या. एका रविवारी दुपारी जेवून मी बांधावर गेलो आणि तिथंच थबकलो. शेवरीची लांब, जाळीदार सावली बांध ओलांडून गेली होती आणि आबांच्या पहिल्या रांगेवर पसरली होती. वारा आला की ती प्लेटांवर हलायची, निळ्या काचेवर कुणीतरी काळ्या पदरानं वारं घालावं तशी. पलीकडं आबांच्या विहिरीवरचा पंप धापा टाकत होता. मधेच आवाज खाली जायचा, मधेच वर यायचा. त्या धापा ऐकत मी बराच वेळ उभा राहिलो. माझे वडील ज्वारीच्या खुरट्या ओळींपाशी उभे राहायचे तसाच, फक्त बांधाच्या दुसऱ्या बाजूनं. त्या वेळी मला जे वाटलं त्याला समाधान म्हणतात. मी ते लपवणार नाही. गुळाच्या पहिल्या ढेपेचा तुकडा तोंडात टाकावा तसं गोड होतं ते.

पौष गेला, माघ गेला. रोज संध्याकाळी मी सुडाच्या तब्येतीची चौकशी करून येई. सुमन पाला कापून नेई. शेळ्या तेवढ्या काळात अशा तुकतुकीत झाल्या की म्हादूतात्या म्हणाले, "मास्तर, शिक्षण खातं सोडा आन पशुसंवर्धनात जावा."

फाल्गुनात सोसायटीची सभा भरली. समाजमंदिरात सतरंज्या, पुढं आबा, बाजूला तालुक्याहून आलेले एक साहेब. साहेबांनी सांगितलं ते थोडक्यात असं: पुढच्या टप्प्याचं अनुदान तयार आहे, पण या उन्हाळ्यात सोसायटीनं ठरल्याएवढी वीज काढून दाखवली तरच. रांगेरांगेचा नाही, सगळ्यांचा मिळून हिशेब. कमी पडली तर फाईल परत.

बायकांच्या बाजूला सुमन उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. थोरल्या दिराशी थेट बोलायची आमच्याकडं अजून पद्धत नाही, तेव्हा तिनं मध्ये बसलेल्या म्हादूतात्यांना धरलं.

"तात्या, आबास्नी इचारा, आमचा पंप कदी?"

आबांनी छताकडं बघितलं. "तात्या, त्येंना सांगा, पुढच्या टप्प्यात पैला पंप त्येंचाच. मी शब्द दिलाय."

"तात्या, इचारा, नक्की का?"

"तात्या, सांगा, नक्की. पन ईज निघाली तर." आणि इथं आबांनी छतावरची नजर काढली आणि खिडकीतून बाहेर नेली. खिडकीतून माळ दिसत होता, माळावर प्लेटा आणि प्लेटांच्या मागं माझी शेवरी, वाऱ्यावर छान डोलत असलेली. तिची सावली अजून पहिल्या रांगेच्या खालच्या काठाला लागत होती. "आता निघती का न्हाय," आबा म्हणाले, "ते सूर्याच्या आन मास्तरांच्या हातात."

सगळी सभा वळून माझ्याकडं बघायला लागली. फक्त सुमननं बघितलं नाही. दोघांचे निरोप पोचवून पोचवून दमलेले म्हादूतात्या तेवढे पुटपुटले, "मला येक घोट पानी द्या रं कुनीतरी."

घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता सुमननं विचारलं, "त्या शेवऱ्या शेळ्यांसाठीच लावल्या न्हवं?"

"मग कशासाठी?"

"न्हाय, इचारलं."

तो उन्हाळा मला विसरता येत नाही तो ह्यामुळं. शेवरी तोडावी तर आबांपुढं नाक घासल्यासारखं. सगळी वस्ती म्हणणार, मास्तर नमला. वडिलांच्या वाट्याला जी ज्वारी आली, तीच माझ्या वाट्याला. न तोडावी तर वीज कमी पडणार, फाईल परत जाणार आणि सुमन आणखी किती उन्हाळे त्या अंधारात चालणार कुणास ठाऊक. शहाणा माणूस असता तर त्यानं त्याच संध्याकाळी कोयता काढला असता. मी माझी परीक्षेच्या पेपरांची गठडी काढली. चैत्रभर मी बांधाकडं फिरकलोच नाही. पायवाट सोडून लांबच्या रस्त्यानं शाळेला जायला लागलो, मान खाली घालून. सकाळी मी घरातून निघायचो तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात सुमन नुकतीच रानातून आलेली असायची. पाय चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले, डोळे लाल. ती दारात बसून पाय धुवायची आणि मी तिच्या बाजूनं मोटारसायकल काढायचो. एकदाही तिनं शेवरीचं नाव काढलं नाही. भांडली असती तर मलाही भांडता आलं असतं.

राग ही मोठी गमतीची गोष्ट आहे. तो ज्याच्यावर असतो तो माणूस दुपारी निवांत वामकुक्षी घेतो आणि ज्याला येतो तो पंख्याखाली घामेजून कूस बदलत राहतो. मी मनातल्या मनात आबांशी जी भांडणं केली, त्यात मी प्रत्येक वेळी जिंकलो. एकदा तर आबा रडलेसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी पारावर बघावं तर तेच आबा, त्याच बशीत चहा ओतून.

वैशाखात एका सकाळी सुमन रानातून आली आणि चहाचा कप हातात घेऊन तशीच बसून राहिली. चहा पिईना.

"काय झालं?"

"डोळं दिसलं," ती म्हणाली. "बॅटरीच्या उजेडात. त्यो बी उभा, मी बी उभी. मोबाईल बंद पडला हुता."

"मग?"

"मग काय. मीच कीर्तन म्हनलं. मोठ्यांदा. अर्धं येतं मला, तेच परत परत म्हनलं. गेला."

तिनं हे सांगितलं ते कालवणात मीठ कमी पडलं असं सांगावं तसं. मग तिनं चहा प्यायला. कप ठेवताना बशी जरा जास्तच वाजली. शाळेला सुट्टी लागली होती, कुठं पळायची सोय नव्हती. दुपारी मी कोयता घेतला आणि बांधाकडं निघालो. आबांसमोर नाक घासायचं तर घासायचं, पण ह्या जन्मात त्यांना माफ करायचं नाही, असं ठरवून.

टळटळीत दुपार. आभाळ पांढरं पडलेलं, पाखरू नाही, पाचटीवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. मी बांधावर पोचलो, कोयता उचलला आणि तोडायच्या आधी एकदा, शेवटचं म्हणून, माझ्या सावलीकडं बघायला मान वळवली.

सावली नव्हतीच.

आबांच्या प्लेटा या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखत होत्या. एका काचेवर पानाएवढासुद्धा काळा ठिपका नव्हता. मी शेवरीकडं बघितलं. तिची सगळी सावली तिच्याच पायाशी गोळा होऊन बसली होती. माझीही माझ्या पायाखाली होती. आणि मग, बाईंनी कान पकडून बाकावर उभं केल्यावर पोराला धडा आठवावा तसं मला आठवलं. उत्तरायण. सूर्य उत्तरेकडं सरकतो. वैशाखात एक दिवस असा येतो की आपल्याकडं भर दुपारी तो नेमका डोक्यावर असतो आणि कशालाच सावली पडत नाही. ह्या विषयावर मी दरवर्षी प्रश्न काढतो. 'शून्य सावलीचा दिवस म्हणजे काय ते सांगून कारण लिहा.' ज्यांना येत नाही त्यांना मी ओरडतो. माझी सावली दिवाळीपासून होळीपर्यंत आबांच्या मानेवर बसली होती, आणि ज्या उन्हाळ्याचा हिशेब धरायचा होता, त्याच उन्हाळ्यात ती मला न सांगता उठून गेली होती. विजेत कणभरही खोट आलेली नव्हती. सुमनचा पंप सुरक्षित होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या मागोमाग, खरं सांगतो, सूर्याचा भयंकर राग आला. त्यानंही आबांचीच बाजू घ्यावी!

"काय मास्तर, तोडताय का?" प्लेटांच्या मागून आबा आले. डोक्याला ओला टॉवेल.

हातात उगारलेला कोयता होता. मी एक फांदी कापली. "न्हाय. शेळ्यांना पाला."

"एवढ्या उनाचं?"

"भूक लागली त्यांना."

आबा माझ्याकडं बघत राहिले, मी आबांकडं. दोघांच्याही पायाशी सावली नव्हती. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात पान सरकलं. ती एक फांदी खांद्यावर टाकून मी तशा उन्हात घरी आलो. शेळ्यांनी ती हुंगली आणि तोंड फिरवलं. त्यांची पोटं भरलेली होती.

ज्येष्ठात पुढचा टप्पा मंजूर झाला. आबांनी शब्द पाळला, आमच्या पंपाचं नाव पहिलं. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण त्यांनी तो पाळला. मी मात्र तेवढ्यानं निवलो नव्हतो. मनात म्हटलं, दिवाळी येईल, सूर्य पुन्हा दक्षिणेला उतरेल, शेवरी तोवर आणखी वाढेल. आबांची पहिली रांग कुठं जाते?

पहिली रांग कुठंच गेली नाही. तिच्या पुढं दुसरी आली. दिवाळीच्या तोंडावर नव्या प्लेटा आल्या. बघतो तर त्यांचे सांगाडे आबांची रांग आणि माझा बांध यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रोवलेले, बांधाला अगदी खेटून. आबा तिथं खुर्ची टाकून बसले होते.

"ही कुणाची रांग?" मी विचारलं.

"तुमची की, मास्तर. जवळ बरी, तुमच्या पंपाला वायर कमी लागती."

शेवरीची सावली नुकतीच लांबायला लागली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती बांध उतरून खाली आली आणि माझ्याच कोऱ्या, निळ्या प्लेटांच्या काठाला शिवली. आबांच्या रांगेपर्यंत आता ती जाणारच नव्हती, मधे मी होतो. चुलत्यांनी बाभळी लावल्या होत्या. आबांनी काहीच लावलं नाही. त्यांनी नुसतं मला माझ्या सावलीत बसवलं. असा सूड मला सात जन्मांत सुचला नसता, आणि ह्याबद्दल मी त्यांना कधीही माफ करणार नाही. ह्या पाडव्याला त्यांच्या घरी साखरेची गाठी घेऊन गेलो तेव्हाही केलं नव्हतं.

त्याच दुपारी सगळी शेवरी तोडली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकट्यानं. आबा खुर्चीवर बसून होते. मधेच त्यांनी चहा मागवला, स्वतःसाठी आणि माझ्यासाठीही. "सावकाश, मास्तर," ते म्हणाले. "शेळ्यांचा पाला हाय, जपून तोडा." मी तो चहा प्यालो. घसा कोरडा पडला होता, आणि शत्रूच्या चहातही साखर तेवढीच असते.

दोन दिवसांनी आमचा पंप प्लेटांवर चालू झाला. सकाळचे दहा वाजले असतील. उन्हात पाणी पाटातून पळत आलं, मातीचा वास उठला, बगळे गोळा झाले. उसाचं प्रत्येक पान, सरीतला प्रत्येक खडा दिसत होता. इतकी वर्षं ज्या रानात सुमन पाण्याच्या आवाजावरून अंदाज बांधत फिरली, ते रान ती पहिल्यांदाच पाणी पिताना बघत होती. ती बांधावर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून, आणि शेवटच्या सरीपर्यंत नजर पोचवून आली. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, ही आता काहीतरी गोड बोलणार. म्हणून मीच सुरुवात केली. आबांनी कसा डाव साधला, रांग मुद्दाम पुढं कशी घातली, पुढच्या हिवाळ्यात आपणही काय काय करू शकतो, वगैरे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पदर कमरेला खोचायचा सोडून डोक्यावरून घेतला, घरी निघालेल्या बाईसारखा, आणि हातातलं खोरं माझ्यापुढं धरलं.

"तुमच्यात आन आबांच्यात कुनाचा सूड पुरा झाला ते तुमी दोघं बघा," ती म्हणाली. "रातची पाळी हुती तवा तुमाला सकाळची शाळा हुती. आता दिवसाची पाळी हाय, आन तुमाला दिवाळीची सुट्टी. माझा तेवढा ऱ्हायला हुता. धरा दारं, मी निजते जरा."